चांगुणाबाईंच्या पुढे धावणारी लुना

मित्रांनो, मला पाहून हसू नका. माझा पुढचा दिवा फुटला आहे, सीटमधून स्पंज डोकावतो आहे, आणि माझा मूळचा रंग लाल होता हे आता मला शपथेवर सांगावं लागतं. मी एक म्हातारी लुना आहे. पण जगातल्या सगळ्यांत वेगाने पळणाऱ्या आजीबाईंच्या पुढे मी आयुष्यभर धावले आहे. असं सांगू शकणारी दुसरी गाडी मला कोणी दाखवली, तर मी आजच्या आज भंगारात जायला तयार आहे.

माझा जन्म कारखान्यातला. माझ्याबरोबर जन्मलेल्या बहिणींपैकी कोणी दूधवाल्याकडे गेली, कोणी शिकवणीच्या मास्तरांकडे. माझ्या वाट्याला भूम तालुक्यातलं ईट आलं. तिथल्या जनावरांच्या दवाखान्यात बाबूराव परिचर होते. त्यांनी मला घरी आणलं तेव्हा त्यांच्या पत्नी चांगुणाबाईंनी माझ्या हँडलला झेंडूचा हार घातला आणि लगेच विचारलं, "अवं, हिला पायडल कशाला? गाडी हाय का सायकल?"

"दोन्ही हाय," बाबूराव म्हणाले. मला तेव्हा थोडा राग आला होता. पण खोटं काही नव्हतं त्यात.

माझी नोकरी बाबूरावांच्या नोकरीबरोबरच सुरू झाली. कॅरिअरवर बर्फात ठेवलेली लशीची पेटी बांधायची आणि वाड्यावस्त्यांवर जायचं. बैलाला सुई टोचली की तो लाथ झाडायचा, आणि बाबूराव चपळ असल्यामुळे ती मला लागायची. माझ्या मडगार्डवर मोठा पोचा आहे ना, ती एका खिलार बैलाची कृपा. तरी ते दिवस सुखाचे होते. बाबूराव मला रोज फडक्याने पुसायचे. गावातली माणसं त्यांना ओळखायच्या आधी माझा आवाज ओळखायची. फट्फट् ऐकू आली की बायका ओरडायच्या, "गाय बांधा गं, डाक्टर आला!" ते डॉक्टर नव्हते, पण हे कोणी त्यांना सांगितलं नाही आणि त्यांनीही कोणाला सांगितलं नाही.

आता पळण्याची गोष्ट. ती सुरू झाली माझ्या अशक्तपणामुळे.

बाजारच्या दिवशी दोघं नवरा-बायको माझ्यावर बसून भूमला निघायचे. वाटेत एक चढ आहे. दोघांना घेऊन तो चढणं माझ्या आवाक्यातलं नव्हतं. अर्ध्यावर माझा आवाज रडवेला व्हायचा. मग चांगुणाबाई म्हणायच्या, "थांबवा. म्या उतरते. तुमची गाडी रडाय लागली." त्या उतरायच्या, पदर खोचायच्या आणि माझ्या मागून पळायच्या. सुरुवातीला त्या मागे राहायच्या. मग बरोबरीने येऊ लागल्या. पुढे पुढे असं झालं की आम्ही धापा टाकत चढावर पोहोचायचो, तेव्हा या बाई दगडावर बसून पायातला काटा काढत असायच्या आणि वर आम्हालाच विचारायच्या, "लई उशीर केला?"

त्या वेळी त्यांची पन्नाशी उलटली होती. गावात या वयाच्या बाया गुडघे धरून बसत. चांगुणाबाईंना मात्र चढाची गोडी लागली. सपाटीवरही त्या उतरायला लागल्या.

भूमला जयंतीच्या निमित्ताने एका वर्षी वडीलधाऱ्यांसाठी धावण्याची शर्यत ठेवली होती. चांगुणाबाईंनी नाव दिलं, पण त्यांची एक अट होती. "ह्येंनी गाडी घेऊन पुढं चालावं," असं त्यांनी आयोजकांना सांगितलं. आयोजक हसले. मैदानात गाडी कशी सोडणार? शेवटी बाबूरावांनी मला मैदानाच्या तारेच्या कुंपणाबाहेरून चालवलं. आत चांगुणाबाई अनवाणी, बाहेर आम्ही. त्या इतक्या लवकर पोहोचल्या की शेवटची फीत धरणारे दोघे अजून फितीची गाठच सोडवत होते.

त्यांचा मुलगा बुद्धघोष भूमच्या शाळेत शिक्षक आहे. त्याने चौकशी केली, तर कळलं की मोठ्या वयाच्या धावपटूंच्या देशाच्या स्पर्धा असतात, आशियाच्या असतात आणि साऱ्या जगाच्याही असतात. त्यात दर पाच वर्षांचा वेगळा गट असतो. साठीच्या बायका साठीच्या बायकांशी पळतात, पासष्टीच्या पासष्टीच्यांशी, आणि प्रत्येक गटाचा जागतिक विक्रम वेगळा. मित्रांनो, लोक वय लपवतात. आमच्या चांगुणाबाई पुढच्या वाढदिवसाची लहान मुलासारखी वाट पाहायच्या, कारण नवा गट म्हणजे मोडायला नवा विक्रम! त्यांचा वाढदिवस एक जूनचा. गावातल्या निम्म्या म्हाताऱ्यांचा वाढदिवस एक जूनचाच असतो. जुन्या गुरुजींनी सगळ्यांची सोय एकदाच करून ठेवली आहे.

सराव आम्ही तळ्याच्या बांधावर करायचो. आमची पद्धत साधी होती. मी पुढे, त्या मागे. माझा वेगाचा काटा पहिल्याच वर्षी मेला होता, त्यामुळे वेग किती हे कोणालाच ठाऊक नसायचं. बाबूराव मान जराशी वळवून त्यांचा श्वास आणि पावलं ऐकायचे, आणि त्याप्रमाणे माझी मूठ पिळायचे. त्या दमल्या असं वाटलं तर माझा आवाज किंचित सैल करायचे. त्यांच्यात अजून जोर शिल्लक आहे असं वाटलं तर किंचित चढवायचे. तोंडाने एक शब्दही नाही. संसारातली सगळी भांडणं ते दोघं मोठ्या आवाजात करायचे, पण बांधावर बोलायचं काम माझ्याकडे होतं.

साठीच्या गटात त्यांनी पंधराशे मीटरचा जागतिक विक्रम मोडला. मग पासष्टीच्या गटात मोडला. सत्तरीच्या गटात मोडला, आणि पुढच्या वर्षी तोच पुन्हा मोडला. तेव्हा गावात सगळे म्हणाले, "दुसऱ्याचा बांध समदेच कोरतेत. आमची चांगुणा सोताचाच कोरती!"

परदेशातल्या मैदानावर मी नसायचे. मग त्या काय करायच्या? पळताना माझा आवाज तोंडातल्या तोंडात काढायच्या. एकदा एका जपानी बाईंनी शर्यतीनंतर बुद्धघोषला विचारलं, तुमच्या आई कोणती प्रार्थना म्हणतात? त्याने आईला विचारलं. आई म्हणाली, "त्यास्नी सांग, आमची लुना हाय ती." जपानी बाईंनी आदराने मान लववली. हे ऐकून मला किती दिवस मूठभर मांस चढलं होतं म्हणून सांगू! पत्र्यावर मांस चढत नाही, पण चढलं होतं खरं.

आता जरा कडू भाग येतो.

बाबूराव निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती. पुढे साखरेच्या आजाराने त्यांची नजर अधू झाली, गुडघेही कुरकुरू लागले. एकदा बांधावर आम्ही कडेला इतके गेलो की माझं पुढचं चाक अधांतरी आलं. चांगुणाबाईंनी मागून पळत येऊन माझं कॅरिअर धरलं म्हणून आम्ही दोघं वाचलो. ही गोष्ट गावभर झाली. गावात अमरसिंह नावाचा उमद्या मनाचा शेतकरी आहे. तो या दोघांना काका-काकू म्हणतो आणि तसंच मानतो. त्याने गाव गोळा केलं. सत्तरीच्या दुसऱ्या विक्रमाचा सत्कार ठरला. शाल झाली, फेटा झाला, आणि मग रिबीन बांधलेली एक पांढरीशुभ्र बॅटरीची गाडी मंडपात आली.

"काका, आता त्या खटाऱ्यावर बसायचं न्हाय," अमरसिंह सगळ्यांसमोर म्हणाला. "रोज सकाळी बुद्धघोष ही गाडी काकूंपुढं चालवंल. तुमी आरामात बसा."

साऱ्या गावाने प्रेमाने दिलेली वस्तू नाही कशी म्हणायची? चांगुणाबाई हसल्या, हात जोडले. पण त्यांनी एकदा मंडपाबाहेर माझ्याकडे पाहिलं, ते मी विसरले नाही.

मला गोठ्यात लावलं. अंगावर कडबा रचला. लशीची पेटी कॅरिअरवर तशीच होती, तिच्यात एका ठिपक्यांच्या कोंबडीने संसार थाटला. मी कधीकाळी जगाच्या विक्रमांपुढे धावले, आणि आता अंडी उबवायला मदत करत होते. आलिया भोगासी! त्या पांढऱ्या गाडीवर मात्र राग धरण्यात अर्थ नव्हता. ती बिचारी गुणी होती. वेग आकड्यात दाखवायची, धूर सोडायची नाही. फक्त चालताना बोलायची नाही. घुम्या माणसांशी आणि घुम्या गाड्यांशी माझं पहिल्यापासून जमत नाही.

पंचाहत्तरीचा वाढदिवस आला आणि पुढे जागतिक स्पर्धा होती. चांगुणाबाई सरावाला जात होत्या, पण काहीतरी बिघडलं होतं. कधी त्या सुरुवातीलाच भडकून पळायच्या आणि मग मध्येच उभ्या राहायच्या. कधी पावलं जडच पडायची. बुद्धघोष गाडी अगदी नेमक्या वेगाने चालवायचा, तरी त्या मागे पडायच्या. डॉक्टरांनी तपासलं. सगळं ठणठणीत. नवे बूट आणले. उपयोग शून्य.

एका संध्याकाळी त्या गोठ्याच्या दारात बसल्या होत्या. शेजारी बाबूराव होते.

"अवं, पाय हायत, दम हाय," त्या म्हणाल्या. "पर पळताना लई एकटं वाटतंय. वय झालं आसंल."

बाबूराव म्हणाले, "मग बास कर, चांगुणे. लोकांनी नावं ठिवायच्या आधी थांबलेलं बरं."

"बुद्धघोषला सांगते उद्या. नाव काढून घे म्हनते."

मित्रांनो, मला ओरडावंसं वाटलं. पण टाकीत थेंब नाही, प्लगवर काजळी, अंगावर कडबा. गाडीने ओरडायचं तरी कसं? जिने आयुष्यभर हार मानली नाही ती बाई माझ्यापासून दोन हातांवर बसून हार मानत होती, आणि मी कोंबडीचं घर होऊन उभी होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी भंगारवाला गल्लीत आला. बाबूरावांनीच त्याला हाक मारली. पळणंच संपलं तर ही गाडी डोळ्यांसमोर नको, असं त्यांच्या मनाने घेतलं असावं. भंगारवाल्याने मला कडब्यातून ओढून काढलं आणि म्हणाला, "बंद पडलीय व्हय?"

एवढा एक शब्द बाबूरावांना झोंबला. "कोन म्हनतंय बंद पडली? तुझ्या जन्माआधीपासून चालतीया ती. चालू करून दावतो, मंग ने."

त्यांनी अमरसिंहकडून बाटलीभर पेट्रोल मागवलं. अमरसिंह स्वतः घेऊन आला. बाबूरावांनी प्लग काढला, डोळ्यांनी दिसत नव्हतं म्हणून बोटांनी चाचपून घासला, पुन्हा बसवला. मला स्टँडवर चढवलं आणि त्या कुरकुरत्या गुडघ्यांनी पायडल मारायला लागले. एकदा नाही, कितीतरी वेळा. अमरसिंह म्हणाला, "काका, सोडा, म्या मारतो." पण त्यांनी त्याला हात लावू दिला नाही. मी माझ्याकडून जीव एकवटला. आधी खोकले, मग शिंकले, आणि मग एकदम धुराचा लोट सोडून सुरू झाले. फट्फट्फट्! कोंबडी शिव्या देत उडाली.

त्याच वेळी चांगुणाबाई रानातून गवताचा भारा डोक्यावर घेऊन गल्लीच्या तोंडाशी आल्या होत्या. शेजारच्या कस्तुराबाई ओसरीवर बसल्या होत्या, त्यांनी पाहिलेलं सांगते. चांगुणाबाई थबकल्या, आणि मग त्यांचे पाय आपोआप पळू लागले. भाऱ्यासकट! भारा पाचव्या घरासमोर पडला. त्या स्वतःचं घर ओलांडून पुढे गेल्या, पार तळ्याच्या वाटेपर्यंत गेल्या आणि तशाच पळत परत आल्या. अंगात आलं की काय, म्हणून कस्तुराबाई उठून उभ्या राहिल्या.

"बंद करू नका!" चांगुणाबाई लांबूनच ओरडल्या. "अवं, ह्योच आवाज न्हवता! म्या म्हातारी न्हाय झाले. ह्योच आवाज न्हवता!"

माझा सूर मध्येच अडखळू लागला. मला वाटलं पेट्रोलमध्ये पाणी आहे. पाणी त्यांच्या डोळ्यांत होतं.

भंगारवाला गोंधळून म्हणाला, "मावशी, नेऊ का नको?"

"कुठं नेतोस? माझी जोडीदारीन हाय ती. चहा घे आन् जा."

अमरसिंह मात्र काळजीने म्हणाला, "पर काकू, काकांनी ही चालवायची न्हाय. नजर न्हाय त्यांची. मागल्या बारीला काय झालं, ठावं हाय ना?" त्याचं बरोबर होतं. रस्त्यावर धावायची माझी मुदतही कधीच संपली होती.

चांगुणाबाईंनी पदराने घाम पुसला. "तिला चालवायची कशाला? उभीच ऱ्हाऊ द्या. म्या फिरते की तिच्याभवती."

तेव्हापासून आमचा नवा सराव सुरू झाला. गावाबाहेरच्या गायरानावर बुद्धघोषने पांढऱ्या फक्कीने मोठं गोल आखलं. मधोमध मी, स्टँडवर. माझ्यावर बाबूराव, डोळे मिटलेले. माझं मागचं चाक हवेत गरगर फिरायचं आणि मी जागची हलायची नाही. चांगुणाबाई आमच्याभोवती पळायच्या, खळ्यावर बैल फिरतात तशा. बाबूराव कानांनी त्यांच्या मागे मागे फिरायचे. पावलं जड पडली की मूठ सैल, श्वास मोकळा झाला की मूठ चढी. उभ्या गाडीला वारा लागत नाही, त्यामुळे मी फार तापायचे. मग चांगुणाबाई थांबायच्या आणि ओलं पोतं माझ्या इंजिनवर धरायच्या. स्वतः पाणी नंतर प्यायच्या. ती पांढरी गाडी बाबूरावांना घरून गायरानावर आणायची आणि परत न्यायची. तिचाही मान राहिला, आणि मलाही तिच्याबद्दल बरं वाटू लागलं.

पावलं परत आली. बुद्धघोष आईला घेऊन परदेशी स्पर्धेला गेला. बाबूरावांना एवढा प्रवास झेपणारा नव्हता.

शर्यतीच्या दिवशी दुपारी गाव समाजमंदिरात जमलं. तिथे अमरसिंहने मोठ्या पडद्यावर शर्यत दाखवायची सोय केली होती. बाबूराव तिथे गेले नाहीत. कोणाला काही न सांगता, भिंतीला हात लावत ते गायरानावर आले. मी तिथेच, माझ्यासाठी बांधलेल्या झोपडीत असायचे. त्यांनी मला ओढत गोलाच्या मध्यावर आणलं, स्टँडवर चढवलं आणि बसून राहिले. त्यांच्या खिशातला फोन वाजला. बुद्धघोष म्हणाला, "बाबा, आई रेघेवर उभी ऱ्हायली बघा." बाबूरावांनी पायडल मारलं.

समोर कोणी पळत नव्हतं. ऐकायला पाऊल नव्हतं, श्वास नव्हता. नुसतं गवत आणि ऊन. तरी बाबूराव मूठ पिळत होते. सुरुवातीला आवरून धरली, कारण ती पहिल्यांदा भडकते हे त्यांना ठाऊक होतं. मग एका सुरात ठेवली. मध्ये किंचित सैल केली, तेव्हा मला वाटलं, आता तिला दम लागला असेल. मग हळूहळू चढवत नेली. माझं इंजिन तापून लाल व्हायला आलं होतं, सायलेन्सर थडथडत होता. मी मनात म्हटलं, फुटले तरी चालेल, आज मध्ये थांबायचं नाही.

अमरसिंह त्यांना शोधत धावत आला, हातात मोबाईल, त्यावर शर्यतीचं चित्र. "काका, अवं काका, हितं काय करताय? बघा तरी, काकू पुढं हायत!"

बाबूरावांनी त्याच्याकडे पाहिलंही नाही. त्यांनी मूठ शेवटपर्यंत पिळली, आणि मग हलकेच सोडून दिली.

"पोचली," ते म्हणाले.

"न्हाय काका, आजून वळनावरच हायत. ह्ये बघा."

"तुझं यंत्र मागं ऱ्हायलंय, अमरसिंह."

अमरसिंह मोबाईलकडे पाहत उभा राहिला. मोबाईलवर चांगुणाबाई वळणातून बाहेर आल्या, सरळ आल्या आणि फितीवर छाती टेकवून गेल्या. पंचाहत्तरीच्या गटाचा जागतिक विक्रम मोडला होता. समाजमंदिराकडून हलगीचा आवाज आला. अमरसिंहने खाली वाकून बाबूरावांच्या पायांना हात लावला आणि मग, मित्रांनो, माझ्या हँडललाही.

एवढ्यात बाबूरावांच्या खिशातला फोन पुन्हा वाजला. अमरसिंहने तो काढून त्यांच्या कानाजवळ धरला. पलीकडे टाळ्यांचा कल्लोळ होता, आणि त्यातून चांगुणाबाईंचा धापा टाकणारा आवाज आला. त्यांनी विक्रमाचं नाव काढलं नाही, पदकाचंही नाही.

"अवं," त्या म्हणाल्या, "बंद करा आता गाडी. लई तापली आसंल ती."

बाबूराव आपण गायरानावर जाणार असल्याचं कोणाला बोलले नव्हते. त्यांनी घाईघाईने बटण दाबलं, ओलं पोतं चाचपत शोधलं आणि माझ्या अंगावर पसरलं.

तर मित्रांनो, एवढंच मागणं आहे. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना नवी वस्तू जरूर द्या, तुमचं प्रेम त्यांना कळतं. पण त्यांची जुनी वस्तू उचलून गोठ्यात टाकण्याआधी, ही तुमच्या काय उपयोगाची आहे, असं त्यांना एकदा तरी विचारा. माझं इंजिन आता फार दिवसांचं नाही, हे मला कळतं. पण चांगुणाबाईंना ऐंशीचा गट गाठायचा आहे आणि बाबूरावांनी काल माझ्यासाठी नवा प्लग मागवला आहे.